इवाकुनीची विमानं आणि दोन नंबरचा रस्ता

३ मे, शुक्रवार

बाबांनी ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. मिग-२१, मिग-२७ आणि शेवटी सुखोई. नाशिकच्या आकाशात उडणारी विमानं त्यांनी रोज पाहिली, पण दुसऱ्या देशाचं लढाऊ विमान हाताच्या अंतरावरून पाहायचं राहून गेलं होतं. आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे हिगाशी-हिरोशिमाला येणार हे ठरलं, तेव्हाच मी कॅलेंडरवर ५ मेला खूण करून ठेवली. यंदा त्या दिवशी इवाकुनीच्या अमेरिकन मरीन तळाचं फाटक सगळ्यांसाठी उघडणार होतं. ‘फ्रेंडशिप डे’ म्हणतात त्याला. आमच्या घरापासून रेल्वेने दीड तास. एवढ्या जवळ असून बाबांना ते दाखवलं नाही तर काय उपयोग, असं मला मनापासून वाटत होतं.

जपानमध्ये हा आठवडा गोल्डन वीकचा. २९ एप्रिलला शोवा दिन, ३ मेला संविधान दिन, ४ मेला हरित दिन, ५ मेला बालदिन. यंदा ५ मे रविवारी आला, म्हणून ६ तारखेलाही भरपाईची सुट्टी. सगळा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो. हे मला माहीत होतं. तरीही बाबांचे गुडघे आणि आईची कंबर डोळ्यांपुढे ठेवून आम्ही गाडीनेच जायचं ठरवलं. तिथेच चुकलं.

इवाकुनीत राहायला खोली मिळाली नाही. हात्सुकाइचीत, मियाजिमा बेटाच्या अलीकडे, एक जुनं घर भाड्याने मिळालं. एरवी तासाभराचा रस्ता. हिरोशिमात ३ ते ५ मे फ्लॉवर फेस्टिव्हल असतो, म्हणून शहर टाळून द्रुतगती मार्गाने निघालो. पण टोलनाक्याच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागलेली. रेडिओवर दर पंधरा मिनिटांनी कोंडीची लांबी किलोमीटरमध्ये सांगत होते. ‘ज्यूताई’ हा शब्द माझा मुलगा आजीला शिकवत होता. ज्यूताई म्हणजे कोंडी. तीन तासांनी पोचलो. आईने आल्या आल्या पिठलं टाकलं, दशम्या घरूनच करून आणल्या होत्या. जेवून सगळे आडवे झालो.

४ मे, शनिवार

आज रेल्वेने इवाकुनीला गेलो, किंताइक्यो पूल पाहायला. गर्दी होती, पण सुसह्य.

निशिकी नदीवरचा हा पाच कमानींचा लाकडी पूल पहिल्यांदा १६७३ साली बांधला. दुसऱ्याच वर्षी पुरात वाहून गेला, तेव्हा लगेच परत बांधला. मग पावणेतीनशे वर्षं तो डागडुजी करत टिकला आणि १९५० च्या वादळात वाहून गेला. १९५३ मध्ये परत बांधला, २००१ ते २००४ या काळात पुन्हा सगळं लाकूड बदललं. बाबा कमानीखाली उतरून दगडगोट्यांत उभे राहिले आणि वर बघत बसले. तुळईवर तुळई थोडी थोडी पुढे सरकवत कमान कशी साधली आहे, ते त्यांनी नातवाला पाच बोटांवर पाच बोटं ठेवून दाखवलं. नदीवर कागदी-कापडी मासे फडफडत होते, कोइनोबोरि. बालदिनासाठी घराघरांवर लावतात तेच.

दुपारी एका छोट्या खाणावळीत जेवलो. इथली कमळकाकडी नावाजलेली आहे. तळाच्या आसपास अजूनही कमळाची शेतं आहेत. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. उद्या तळावर जाणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “गाडीने?” मी हो म्हणाले. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “पहाटे चारला निघा. नाहीतर गाडी आणूच नका.”

त्यांनीच कारण समजावून सांगितलं, आणि ते मला फार पटलं. निशिकी नदी समुद्राला मिळायच्या आधी दोन फाट्यांत विभागते, इमाझु आणि मोन्झेन. या दोघींच्या मधल्या त्रिभुजावर तळ आहे. म्हणजे एका परीने ते बेटच. स्टेशनकडून जायचं तर पूल ओलांडावाच लागतो. वर्षाच्या ३६४ दिवसांसाठी ते पूल पुरेसे आहेत. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि या एका दिवशी काही वर्षी दोन लाखांच्या वर माणसं आलेली आहेत. अख्ख्या गावाहून मोठी गर्दी एका दिवसात गावातून आत न्यायची आणि बाहेर काढायची.

मी विचारलं, तुम्हाला विमानांचा त्रास होतो का? त्या जरा थांबल्या. २०१० मध्ये धावपट्टी किलोमीटरभर समुद्रात सरकवली, आतागोयामा नावाची टेकडी पोखरून त्या मातीने भराव घातला, तेव्हापासून थोडं बरं आहे, म्हणाल्या. पण २००६ साली विमानवाहू नौकेची विमानं इथे आणायची की नाही यावर गावात मतदान झालं, त्यात बहुतेकांनी नको म्हटलं होतं, आणि २०१८ पर्यंत विमानं आलीच. “उद्या मात्र दुकान चांगलं चालतं,” एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते बोलणं माझ्या मनात राहिलं.

५ मे, रविवार

चारला निघायचं ठरवून आम्ही साडेपाचला निघालो. आईला रात्री झोप लागली नव्हती, तिला उठवायचं जिवावर आलं.

नवऱ्याने दोन आठवड्यांपूर्वीच इवाकुनी स्टेशनच्या अलीकडे एका खासगी माणसाकडे गाडी लावायची जागा ठरवून पैसे भरले होते. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २ समुद्राच्या कडेने जातो. डावीकडे मियाजिमा बेट, सकाळचं ऊन, पाणी चकाकतंय. पहिला अर्धा तास छान गेला. मग ओताकेच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि गाड्या थांबल्या.

थांबल्या म्हणजे खरोखर थांबल्या. दहा मिनिटांत दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं, परत थांबायचं. शेजारून सान्यो मार्गाची लाल पट्ट्याची लोकल निघून जायची, आतली माणसं दाराला चिकटून उभी. दर वेळी मुलगा मोजायचा. सहा गाड्या गेल्या तोवर आम्ही एका पेट्रोल पंपापासून पुढच्या सिग्नलपर्यंत आलो होतो.

साडेसातच्या सुमारास आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अगं, मला जायला हवं.” तिला मधुमेह आहे, फार वेळ थांबता येत नाही. समोर एक कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, दिसत होतं. मी उतरून पळत गेले, तर शौचालयापुढे तीस-पस्तीस बायकांची रांग दुकानाबाहेर फुटपाथवर आलेली. परत आले तेव्हा आईचा चेहरा उतरला होता. ती काही बोलत नव्हती, फक्त पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

रस्त्याला लागून एक बैठं घर होतं. अंगणात एक आजी झारीने कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी आयुष्यात असं कुणाच्या दारात जाऊन विचारलेलं नाही. मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, माझी आई आहे, भारतातून आली आहे, त्रास होतोय. त्यांनी झारी तिथेच ठेवली, “दोझो, दोझो” (या, या) म्हणत दार सरकवलं आणि आईचा हात धरून तिला आत नेलं. आईने उंबऱ्याशी चपला काढल्या, त्यांनी तिच्यापुढे घरातल्या सपाता ठेवल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पाच मिनिटांनी आई बाहेर आली ती गार चहाची बाटली हातात घेऊन. आईने पिशवीतला शंकरपाळ्यांचा डबा उघडून त्यांची ओंजळ भरली. एवढं होईपर्यंत आमची गाडी चार घरं पुढे सरकली होती.

सव्वानऊला जागेवर पोचलो. तिथे दुसऱ्याची गाडी. ठरवलेल्या माणसाने कमरेत वाकून माफी मागितली, एकच जागा दोघांना दिली गेली म्हणाला. पैसे परत करतो म्हणाला. पैशांचं मी समजू शकते, पण बहात्तर वर्षांचा माणूस पावणेचार तास पाय दुमडून बसून आलाय, त्याची भरपाई कशी होणार? मी त्याला तेवढं बोलले. बाबा म्हणाले, “जाऊ दे, बाई. भांडून जागा होणार आहे का?”

आता पुढे जाणं अशक्य, इथे थांबणंही अशक्य. नवऱ्याने गाडी वळवली. उलट बाजूचा रस्ता मोकळा होता. ज्या अंतराला सकाळ गेली, तेच आम्ही वीस मिनिटांत मागे कापलं. ओताके स्टेशनजवळ नाणी टाकून गाडी लावायच्या पार्किंगमधून एक गाडी निघतच होती, तिथे शिरलो. मग लोकल पकडली. ओताके, वाकी, इवाकुनी. फक्त दोन स्टेशनं, तीसुद्धा अंग चोरून उभं राहून. एका शाळकरी मुलाने बाबांना जागा दिली.

इवाकुनी स्टेशनच्या चौकात पोलिसांनी दोऱ्या धरून माणसांचे गट केले होते. एक गट सोडायचा, दोरी परत ताणायची, पुढचा गट. १४ ऑगस्ट १९४५ ला, शरणागतीच्या आदल्या दिवशी, याच स्टेशनच्या परिसरावर बॉम्ब पडले आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. त्या जागेवरून आज लाखभर माणसं अमेरिकन विमानं बघायला चालली होती, लहान मुलं खांद्यावर घेऊन. मला त्यात चूक-बरोबर काही ठरवता आलं नाही.

दोन किलोमीटरला सव्वा तास लागला. इमाझु नदीच्या पुलावर रांग दाट झाली. बाबा कठड्याला धरून थांबत होते, आणि मागचे लोक न ढकलता बाजूने जात होते, हे मुद्दाम सांगायला हवं. फाटकाशी पिशव्या तपासल्या. आमचे पासपोर्ट आणि रहिवासी कार्डं जवळ होती.

आत गेल्यावर आभाळ एकदम मोठं झालं. एवढी सपाट मोकळी जागा जपानात क्वचितच दिसते. काँक्रीटवर लोकांनी निळ्या चटया अंथरल्या होत्या. खाण्याच्या तंबूंपुढे रांगा, आणि प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या हातात अमेरिकन मापाचा पिझ्झाचा खोका. आम्ही एका गाडीच्या सावलीत दशम्या आणि ठेचा खाल्ला.

मग बाबा उठले. गुडघे दुखत असल्याचं त्यांनी त्यानंतर तासभर एकदाही सांगितलं नाही.

दोरीपलीकडे एक सुपर हॉर्नेट हे अमेरिकन लढाऊ विमान उभं होतं, पंख वर दुमडलेलं. विमानवाहू नौकेवर जागा कमी, म्हणून पंखांची टोकं दुमडतात. बाबा नेमके त्या सांध्याखाली जाऊन उभे राहिले. बाबांनी जोडलेल्या मिग किंवा सुखोईचे पंख दुमडत नाहीत, त्यामुळे हा सांधा त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. चष्मा पुसून त्यांनी खालून वर पाहिलं. “एवढ्या जाड पिना. सगळा भार या पिनांवर. आणि बाजूचा पत्रा बघ, रिव्हेटची डोकी कशी बसवलीत, नख फिरवलं तर अडकणार नाही.” तिथे एक तरुण मेकॅनिक होता. मी त्याला सांगितलं, माझ्या वडिलांनी भारतात लढाऊ विमानं जोडली आहेत. तो दोरीपाशी आला. बाबांना इंग्रजी बोलायला अडखळतं, पण या विषयात अडखळलं नाही. ते बोटाने दाखवायचे, तो मान हलवायचा, मग तो वेगळीकडे बोट दाखवायचा. जाताना त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

पुढे जपानी नौदलाचं यूएस-२ होतं, पाण्यावर उतरणारं चार इंजिनांचं विमान. भारताने ते घेण्याची बोलणी कित्येक वर्षं चालली होती, ते बाबांनी पेपरात वाचलेलं. “हेच का ते!” म्हणून त्यांनी त्याला पूर्ण फेरी घातली.

दुपारी एफ-३५बी हे लढाऊ विमान आलं आणि धावपट्टीच्या वर हवेत जागच्या जागी थांबलं. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवत होता. आईने नातवाचे कान दाबले. मला खाणावळीतल्या बाई आठवल्या.

परत निघायची चूक दुसरी. शेवटचं उड्डाण पाहून जाऊ, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, माझंही. आत येताना माणसं पाच-सहा तासांत विखरून आलेली असतात. बाहेर पडताना सगळी एकाच क्षणी उठतात. चटया गुंडाळल्या गेल्या आणि काँक्रीटवर एक काळी रेघ फाटकाच्या दिशेने जाड होत गेली. ज्या पुलावरून सकाळी जाड दोरा ओवला, त्यावरून आता दोरखंड ओवायचा होता.

पुलाच्या अलीकडे आम्ही चाळीस मिनिटं एका जागी उभे होतो. मुलाला श्वास घ्यायला हवा म्हणून नवऱ्याने खांद्यावर घेतलं. माझ्या पोटात गोळा आला. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, आमच्या नाशिकच्या पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी घरात सगळे फोनभोवती बसलेले मला अजून दिसतात. गर्दी थांबली आणि मागून नुसता दाब यायला लागला की माझे पाय गार पडतात. बाबांना ते न सांगता कळलं. त्यांनी मला आणि आईला कठड्याच्या बाजूला घेतलं. “कडेला राहा. हात छातीपुढे धर. थांबायचं नाही, ढकलायचंही नाही.”

पुलाच्या तोंडाशी एक पोलीस शिडीवर उभा राहून ध्वनिक्षेपकातून बोलत होता. ओरडत नव्हता. आता पुढे किती मीटर मोकळे झालेत, पुढचा गट साधारण किती मिनिटांत सुटेल, लहान मुलांचे हात धरा, पाणी प्या, असं शांतपणे सांगत होता. जपानलाही हे दुःखातूनच शिकावं लागलं आहे. २१ जुलै २००१ ला आकाशी गावात आतषबाजी पाहून परतणाऱ्यांची पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. ११ जण गेले, त्यांतली ९ मुलं. त्यानंतर इथल्या सुरक्षारक्षकांच्या कायद्यात गर्दीच्या बंदोबस्ताचा वेगळा उल्लेख आला. त्या आवाजाने माझी भीती निम्म्याने उतरली. किती वेळ लागणार हे कळलं की माणूस थांबू शकतो. सकाळी गाडीत बसून आम्ही खचलो ते तेवढ्यासाठी, कारण पुढे काय आहे हे कुणीच सांगत नव्हतं.

मला एकच कळकळीने सांगायचं आहे. अशा दिवशी म्हाताऱ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या आयांसाठी निघायची वाट वेगळी हवी, दोरीने आखलेली अर्ध्या पुलाएवढी अरुंद का असेना. आणि रस्त्यात दर थोड्या अंतरावर शौचालय हवं. इवाकुनीत हवं, नाशिकला हवं, जिथे लाखावर माणूस जमतो तिथे सगळीकडे हवं. माझ्या आईवर जी वेळ आली, ती त्या रांगेत कितीजणींवर आली असेल.

स्टेशनवर पोचायला पावणेदोन तास. ओताकेला गाडी काढली तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि दोन नंबरच्या रस्त्यावर परतणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे दूरवर तसेच थिजलेले. अकराला घरी. बाबांच्या गुडघ्यांना मी गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. मुलगा बूट न काढताच झोपला.

६ मे, सोमवार

आई सकाळी म्हणाली, त्या आजींकडे जाऊन येऊ. शंकरपाळे संपले होते, म्हणून तिने सातलाच उठून रव्याचे लाडू वळले. साजूक तूप तिने नाशिकहून आणलेलंच होतं.

आज गाडी नाही. लोकलने ओताकेला उतरलो आणि रस्त्याच्या कडेने चालत ते घर शोधलं. कुंड्यांवरून सापडलं. आजी घरी नव्हत्या. शेजारच्या बाईंनी सांगितलं, नातवंडांना गाडीपर्यंत पोचवायला हिरोशिमा स्टेशनला गेल्या आहेत, सुट्टी संपली ना. आईने डबा त्यांच्याकडे दिला आणि मला चिठ्ठी लिहायला लावली. मी हिरागाना या सोप्या जपानी लिपीत लिहिलं, काल मदत केलीत, आम्ही विसरणार नाही. आईने खाली मराठीत स्वतःचं नाव आणि ‘नाशिक’ एवढं लिहिलं.

रस्त्यावर आज परतणाऱ्यांची कोंडी होती, काल होती तिच्या उलट दिशेने. बाबा फुटपाथवर कठड्याला टेकून नातवाला दुमडणाऱ्या पंखाचा सांधा समजावत होते, पार्किंगच्या पावतीच्या मागे पेनाने काढून. मुलाने विचारलं, “आजोबा, पिन तुटली तर?” बाबांनी पावती उलटीसुलटी केली, जागा उरली नव्हती. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, “अजून एक कागद दे गं.”